सायकलच्या मागे मुलांची गाडी

सायकलला मागून जोडायचा मुलांचा ट्रेलर म्हणजे ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले जाड कापड, दोन बाजूंना दोन चाके आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या आसापर्यंत पुढे येणारा एक दांडा, एवढ्याच साहित्याचे बिनइंजिनाचे वाहन होय. त्यात एक किंवा दोन लहान मुले जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर शेजारी शेजारी बसतात आणि आई किंवा वडील पुढे पायडल मारत ही गाडी ओढत नेतात. जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये हे दृश्य रोजचे आहे, आणि म्युनिक किंवा श्टुटगार्टमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही मूल बालवाडीत जाऊ लागले की या वाहनाचा विचार करावा लागतो. खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष गादी, पावसाचे आवरण आणि सामान ठेवायची जागा यांकडे जाते, कारण दुकानात तेच डोळ्यांत भरते. मुलांची सुरक्षितता मात्र ट्रेलर सायकलला जोडला कसा आहे, वळणावर त्याचा वेग किती आहे आणि तो कोणत्या रस्त्यावर आणला आहे, यांवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

या वाहनाचा जन्म सामान वाहण्यासाठी झाला. १९७१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली कॅननडेल ही कंपनी आज सायकलींसाठी ओळखली जात असली, तरी तिचे पहिले उत्पादन सायकलला जोडायचा सामानाचा ट्रेलर हे होते. मुलांच्या ट्रेलरची घडण ज्यांनी रुळवली त्यांत ऑरेगन राज्यातील यूजीन येथील बर्ली या कंपनीचे नाव प्रथम येते. ती अनेक वर्षे कामगारांच्या सहकारी मालकीची होती. कॅनडातील कॅलगरीच्या चॅरियट या कंपनीने ट्रेलरला ढकलगाडीचे रूप देता येईल अशी रचना लोकप्रिय केली, आणि २०११ मध्ये स्वीडनच्या थुले या कंपनीने ती विकत घेतली. पुढे या वाहनासाठी मानके आली : अमेरिकेत एएसटीएम एफ १९७५ आणि युरोपात ईएन १५९१८. मानक म्हणजे उत्पादनाने कोणत्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्यात याची लेखी अट. जोडणी पुरेशी मजबूत आहे का, ट्रेलर सहज कलंडतो का, उलटला तर सांगाडा मुलांच्या डोक्यावर दबतो का आणि पट्टे मुलाला जागेवर धरून ठेवतात का, हे त्यांत पाहिले जाते. मोटारीच्या धडकेची परीक्षा मोटारीतील बालआसनांना द्यावी लागते तशी ट्रेलरला द्यावी लागत नाही, आणि ही गोष्ट विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ट्रेलर कोणत्या धोक्यापासून वाचवतो आणि कोणत्या नाही, हे सायकलवरच्या बालआसनाशी तुलना केल्यावर नीट उमगते. महाराष्ट्रातील वाचकांना दांडीवर बसवलेली छोटी सीट किंवा मागच्या कॅरियरवर बसलेले मूल परिचयाचे आहे. या दोन्ही रीतींत मुलाचे डोके जमिनीपासून मीटरभराहून अधिक उंचीवर असते, मुलाच्या वजनाने सायकलचा तोल बदलतो, आणि सायकल आडवी झाली, अगदी स्टँडवर उभी असताना झाली, तरी मूल तेवढ्या उंचीवरून खाली येते. शिवाय आडोसा नसेल तर लोंबते पाऊल चाकाच्या आऱ्यांत जाऊन होणारी इजा ही या बैठकीची जुनी डोकेदुखी आहे. ट्रेलरमध्ये हे दोन्ही धोके जवळपास नाहीसे होतात, कारण मूल बंदिस्त कोशात बसते, त्याची उंची कमी असते आणि पुढची सायकल पडली तरी चांगल्या जोडणीचा ट्रेलर आपल्या दोन चाकांवर उभाच राहतो. याची किंमत अशी की मूल आता चालवणाऱ्याच्या पाठीमागे, नजरेआड आणि वाहनांच्या बंपरच्या पातळीवर गेलेले असते. पडण्याची भीती कमी करून घेताना धडकेची भीती पदरात घेतली जाते, म्हणून ‘ट्रेलर आसनापेक्षा सुरक्षित असतो का’ या प्रश्नाला रस्ता कोणता हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मोटारींपासून वेगळ्या केलेल्या सायकलमार्गावर ट्रेलरचे पारडे स्पष्टपणे जड आहे. भरधाव वाहतुकीत ते तसे राहत नाही.

जोडणीचा भाग हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. सायकलची साखळी उजवीकडे असल्याने बहुतेक ट्रेलरचा दांडा डावीकडून पुढे येतो आणि मागच्या चाकाच्या आसावर बसवलेल्या धातूच्या लहान तुकड्याला जोडला जातो. दांड्याच्या टोकाशी गोळी-वाटीचा सांधा, स्प्रिंग किंवा लवचीक रबरासारखा भाग असतो, आणि सायकल झुकली, वळली किंवा आडवी पडली तरी तो पीळ ट्रेलरपर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम. दांडा जागेवर सरकवायचा, आरपार खीळ घालायची, खिळीची कडी बंद करायची आणि शेवटी दांड्याला शिवलेला नायलॉनचा पट्टा सायकलच्या मागच्या चौकटीच्या नळीभोवती फिरवून अडकवायचा, असा हा क्रम आहे. पट्टा दिसायला फालतू वाटतो आणि घाईत तोच राहून जातो. मुख्य जोडणी तुटली किंवा खीळ निसटली, तर मुलांसह ट्रेलर सुटून जाऊ नये यासाठी उरलेला तो एकमेव उपाय असतो. जोडणीचा भाग तडकतो किंवा सुटतो या कारणावरून अमेरिकेत ट्रेलर बाजारातून परत मागवण्याचे प्रसंग एकाहून अधिक वेळा आले आहेत, त्यामुळे नामांकित कंपनीचा ट्रेलर असला तरी हा पट्टा ऐच्छिक मानता येत नाही.

सायकलही या जोडणीत अर्धी भागीदार आहे. जुन्या पद्धतीच्या नटाच्या आसावर किंवा झटपट उघडणाऱ्या आसावर जोडणीचा तुकडा बसवणे सोपे असते, परंतु अलीकडच्या अनेक सायकलींत चौकटीतून आरपार जाणारा जाड आस असतो, आणि त्याची लांबी व आट्यांची घनता सायकलीगणिक बदलत असल्याने त्याच मापाचा, ट्रेलरसाठी बनवलेला आस वेगळा घ्यावा लागतो. जवळपास बसतो म्हणून दुसऱ्या मापाचा आस आवळला, तर आट्या पुरेशा धरत नाहीत आणि चाकच सैल होण्याचा धोका उद्भवतो. कार्बनच्या चौकटीच्या काही सायकलींना ट्रेलर जोडण्यास उत्पादकांचीच मनाई असते. मुले बसवण्याचा क्रमही ठरलेला आहे : आधी ट्रेलरचा थांबण्याचा ब्रेक लावायचा, मग सायकल जोडायची, आणि त्यानंतरच मुलांना आत घ्यायचे, उतरताना नेमके उलट. न जोडलेल्या ट्रेलरच्या पुढच्या कडेवर मूल उभे राहिले तर तो पुढे तोंडघशी येतो, आणि ब्रेक न लावलेला ट्रेलर उतारावर मुलांसह चालू लागतो.

ट्रेलर उलटण्याचा खरा धोका वळणावर असतो, आणि त्याचे कारण दोन वाहनांच्या स्वभावातील फरकात आहे. सायकल वळताना आत झुकते आणि त्या झुकण्यानेच बाहेर फेकणाऱ्या जोराला उत्तर देते. दोन चाकांवर आडवा बसलेला ट्रेलर झुकू शकत नाही, त्यामुळे तो जोर त्याला सरळ बाहेरच्या चाकावर लोटतो. साध्या आकडेमोडीने हे पाहता येते. दोन चाकांमधले अंतर सुमारे ७० सेंटिमीटर आणि मुलांसह ट्रेलरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर धरला, तर बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या पाऊण पटीहून थोडा अधिक झाला की आतले चाक उचलू लागते. चार मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर असते तशा वळणावर, ताशी १० किलोमीटर वेगाने हा जोर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा, १५ किलोमीटरला निम्म्याहून थोडा कमी आणि २० किलोमीटरला जवळजवळ ऐंशी टक्के, म्हणजे उलटण्याच्या सीमेवर येतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, आणि पुढे बसलेल्या व्यक्तीला स्वतःच्या सायकलवर यातले काहीही जाणवत नाही, कारण तिची सायकल झुकून सुखाने वळलेली असते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत सरळ, सपाट रस्त्यावर ताशी सुमारे २५ किलोमीटरची आणि वळणावर १० च्या आतली वेगमर्यादा दिलेली असते, ती यामुळेच.

वळणाची दुसरी अडचण कडेच्या दगडाची. ओढले जाणारे वाहन पुढच्या वाहनापेक्षा आतून वळते, आणि ट्रेलर सायकलपेक्षा कितीतरी रुंद असल्याने त्याचे आतले चाक सायकलच्या चाकोरीपासून अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक आत जाते. सायकल व्यवस्थित गेली म्हणून निर्धास्त असलेल्या चालकाच्या मागे ते चाक पदपथाच्या काठावर चढते, ट्रेलर आधीच बाहेरच्या बाजूला कलतो आणि आधीचा सगळा हिशेब बिघडतो. अवघ्या १० सेंटिमीटर उंचीच्या काठाने उलटण्यासाठी लागणारा जोर चौथाईहून अधिक घटतो. सायकलमार्गाच्या तोंडाशी मोटारी रोखण्यासाठी रोवलेले खांबही याच कारणाने घात करतात. एक मूल बसलेला हलका ट्रेलर दोन मुलांच्या जड ट्रेलरपेक्षा अधिक उसळतो, ही बाब अनेकांना उलटी वाटते, पण अनुभवी लोक रिकाम्या ट्रेलरबाबत अधिक सावध असतात. चाकांत हवा ठासून भरल्याने तो आणखी उसळतो. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेत, शक्यतो खालच्या टोकाशी हवा ठेवली तर मुलांना बसणारे दणके कमी होतात.

थांबण्याचा प्रश्न वेगळा आहे. ७० किलोग्रॅमची व्यक्ती आणि १५ किलोग्रॅमची सायकल यांच्या मागे १३ किलोग्रॅमचा ट्रेलर व २९ किलोग्रॅमची दोन मुले आली की एकूण वजन ८५ वरून १२७ वर जाते, आणि बहुतेक ट्रेलरना स्वतःचा चालता ब्रेक नसल्याने ते सारे सायकलच्या दोन ब्रेकांनी थांबवायचे असते. उतारावर बैलगाडीचे ओझे जसे बैलांच्या मानेवर येते, तसा ट्रेलर सायकलच्या मागच्या चाकाला पुढे ढकलतो. शंभर मीटरला आठ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर हे १२७ किलोग्रॅम सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने सतत खाली ओढत राहतात. असा उतार वळणदार आणि ओला असेल, तर एकदम दाबलेल्या ब्रेकाने मागचे चाक घसरून सायकल आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटण्याची शक्यता असते, म्हणून उतरणीच्या माथ्यावरच वेग कमी करणे हा एकमेव शहाणा मार्ग आहे. विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलींमुळे चढण सोपी झाली, पण त्यांनी जड संचाला सहज २५ किलोमीटरपर्यंत नेऊन उतरणीचे काम कठीण केले. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साहाय्य देणाऱ्या जलद सायकलींच्या मागे मुलांचा ट्रेलर ओढायला जर्मनीत परवानगी नाही, आणि या निर्बंधामागचा तर्क समजायला वरचे आकडे पुरेसे आहेत.

आतल्या बैठकीत पाच टोकांचा पट्टा असतो : दोन खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक पायांच्या मधून येऊन पोटाजवळच्या बकलात मिळणारा. पायांमधला पट्टा सैल ठेवला तर धक्क्यासरशी मूल खाली घसरते आणि खांद्याचे पट्टे गळ्याशी येतात. हिवाळ्यात फुगीर जाकिटावरून आवळलेला पट्टा जाकिट दबल्यावर सैल पडतो, म्हणून पातळ कपड्यावर पट्टा बांधून वरून पांघरूण घालणे योग्य. हेल्मेटची निवड इथे थोडी निराळी असते. रस्त्यावरच्या सायकलस्वारांची मागे निमुळती हेल्मेटे घातली, की ट्रेलरच्या पाठीला टेकलेले मुलाचे डोके पुढे ढकलले जाते. झोपी गेलेल्या बाळाची हनुवटी छातीला लागून श्वासमार्ग अरुंद होण्याची भीती त्यात असते. यास्तव मागून सपाट हेल्मेट, आणि पाठीला त्याच्यासाठी खोलगट जागा ठेवलेला ट्रेलर, अशी जोडी पाहावी.

कोणत्या वयापासून मुलाला ट्रेलरमध्ये बसवावे याबद्दल दोन खंडांत एकमत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था एक वर्षाखालील बाळांना सायकलवर किंवा ट्रेलरमध्ये नेऊ नये असे सांगते, आणि न्यूयॉर्क राज्यात तर एक वर्षाखालील मुलाला सायकलवर बसवणे कायद्यानेच निषिद्ध आहे; या भूमिकेमागे बाळाची मान पुरेशी बळकट नसणे आणि त्या वयाला योग्य हेल्मेट न मिळणे ही कारणे आहेत. जर्मनीत मात्र तान्ह्या बाळांसाठी ट्रेलरमध्ये टांगायच्या झोळ्या सर्रास विकल्या जातात आणि अनेक पालक त्या वापरतात. झोळीने दणके कमी होतात हे खरे, तरी मूल आपल्या बळावर बसू लागेपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही. सहा महिन्यांच्या बाळाला बालवाडीत वेळेवर पोहोचण्याची घाई नसते. वरची मर्यादा जर्मन वाहतूक नियमांनीच घातली आहे : मुलांसाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये सात वर्षे पूर्ण होईपर्यंतची जास्तीत जास्त दोन मुले बसू शकतात, आणि ओढणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची असावी लागते. अपंग मुलांना ही वयाची अट लागू नाही.

ट्रेलर दिसणे हा चालकाच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे, कारण त्याचे छत मोटारीच्या बॉनेटच्या आसपास असते आणि दोन गाड्यांच्या मधून पाहणाऱ्याला सायकल दिसली तरी तिच्या मागे काही आहे हे लक्षात येत नाही. उंच काठीवरचा भडक झेंडा याच साठी असतो आणि तो ट्रेलरच्या वाहतुकीकडील बाजूला लावतात. जर्मनीत २०१८ पासून बाजारात आलेल्या ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद ट्रेलरना पुढे पांढरे व मागे लाल परावर्तक आणि मागे डावीकडे लाल दिवा आवश्यक आहे. एप्रिल २०२० पासून तिथे मोटारींनी सायकलला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवले पाहिजे, आणि साडेतीन टनांपेक्षा जड वाहनांनी वस्तीत उजवीकडे वळताना सायकली जाण्याची शक्यता असेल तर चालण्याच्या वेगाने वळले पाहिजे. हे नियम ट्रेलरसाठी केलेले नसले तरी त्यांचा लाभ ट्रेलरला सर्वाधिक होतो. चालकाने स्वतः सांभाळायची एक गोष्ट राहते ती लांबीची. सायकल व ट्रेलर मिळून तीन मीटर किंवा अधिक लांब होतात, आणि रुंद रस्त्याच्या मध्यावरील अडीच मीटरच्या बेटावर थांबल्यास मुले बसलेला भाग मागच्या मार्गिकेत उघड्यावर राहतो; अशा ठिकाणी रस्ता एका दमात ओलांडता येईल तेव्हाच निघावे लागते.

धुराचा मुद्दा क्वचितच विचारात घेतला जातो. ब्रिटनमधील सरे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये बाबागाडीतील मुलांच्या संदर्भात दाखवून दिले, की ही मुले जमिनीपासून ०.५५ ते ०.८५ मीटर उंचीवर श्वास घेतात आणि मोटारींची धुराडी साधारणपणे मीटरभर उंचीच्या आतच असल्याने मोठ्यांपेक्षा अधिक प्रदूषण त्यांच्या वाट्याला येते. ट्रेलरमधील मूल याच पट्ट्यात, किंबहुना थोडे खालीच बसते. म्हणून मोठ्या रस्त्याऐवजी समांतर गल्ली निवडणे हा धडकेवरचा उपाय धुरावरचाही उपाय ठरतो, आणि त्यासाठी चार-पाच मिनिटे अधिक गेली तरी ती सत्कारणी लागतात.

हीच फूटपट्टी पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या रस्त्यांना लावली तर ट्रेलर येथे का रुजला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. खड्ड्यात किंवा वर आलेल्या गटाराच्या झाकणावर ट्रेलरचे एकच चाक जाते आणि तो कलतो. दुचाकी, रिक्षा आणि बस एकमेकांच्या अंगाला लागून चालतात तिथे दीड मीटर अंतर हा विनोद ठरतो. आणि जे थोडे सायकलमार्ग आहेत त्यांवर मध्येच हातगाडी किंवा उभी केलेली मोटार येते. गृहसंकुलाच्या आतले रस्ते, मोठी उद्याने, विद्यापीठांचे आणि छावण्यांचे शांत परिसर यांत ट्रेलर चालवता येईल, पण त्याला प्रवासाचे साधन म्हणता येणार नाही. परदेशातून परतताना ट्रेलर सोबत आणण्याचा मोह असेल तर सोसायटीच्या फाटकाबाहेर तो किती वापरला जाईल, हा हिशेब आधीच केलेला बरा.

जर्मनीत मात्र जुन्या ट्रेलरचा बाजार मोठा आहे, कारण नव्या चांगल्या ट्रेलरची किंमत साध्या सायकलीएवढी किंवा त्याहून जास्त असते आणि मुले सात वर्षांत त्यातून बाहेर पडतात. तिथल्या श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या वस्तू पारखणाऱ्या संस्थेचे व एडीएसी या मोटारचालक संघटनेचे अहवाल अशा खरेदीत उपयोगी पडतात. त्यांत पट्टे आणि स्थैर्याबरोबर कापडातील व मुठींतील घातक रसायनांचीही तपासणी होते. जुना ट्रेलर पाहताना गादीवरचे डाग दुय्यम आहेत. तो कधी उलटला होता का हे विचारावे, दांडा जिथे सांगाड्याला मिळतो तिथे नखाने चाचपून सूक्ष्म तड आहे का पाहावे, पट्ट्यांचे बकल दहा वेळा उघडून-लावून बघावे, आणि उन्हाने कापड विरले असेल तर व्यवहार सोडून द्यावा. सांगाडा ठणठणीत असला, तरी जोडणीची वाटी, खीळ आणि सुरक्षेचा पट्टा नवा घालावा. हे भाग बहुतेक कंपन्या सुटे विकतात आणि ट्रेलरच्या किमतीच्या मानाने ते किरकोळ पैशांत मिळतात.